पायी पाहायचे बर्गन: सात डोंगर, एक बंदर आणि पावसाचा हिशेब

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गन शहराचा नकाशा उघडला की सहल आखणे अगदी सोपे वाटते. रेल्वे स्थानकापासून मासळी बाजार दहा-बारा मिनिटांवर, तेथून जुन्या लाकडी वखारी पाच मिनिटांवर, वखारींपासून किल्ला आणखी पाच मिनिटांवर आणि डोंगरावर चढणाऱ्या रेल्वेचे खालचे स्थानक बाजाराच्या जवळजवळ पाठीलाच. नकाशात न दिसणाऱ्या दोन गोष्टी मात्र प्रत्यक्षात सारा कार्यक्रम ठरवतात, त्या म्हणजे जमिनीचा चढ आणि डोक्यावरचे आभाळ. म्हणून बर्गनला जाताना 'सोमवारी अमुक, मंगळवारी तमुक' असे वेळापत्रक करू नये. उघडिपीच्या दिवशी काय करायचे आणि पावसाच्या दिवशी काय करायचे, अशा दोन याद्या तयार ठेवाव्यात आणि रोज सकाळी आभाळ पाहून त्यांपैकी एक उचलावी. या लेखातील सर्व सूचना या एका शिस्तीभोवती मांडल्या आहेत. त्यासाठी किमान तीन पूर्ण दिवस हाताशी असावेत, चार असल्यास उत्तम. एका दिवसाच्या धावत्या भेटीत बंदर पाहून होते, परंतु डोंगर लाभेलच याची शाश्वती नसते.

पाऊस आधी समजून घ्यावा

अटलांटिकवरून येणारे बाष्पयुक्त पश्चिमी वारे या किनाऱ्यावरील डोंगरांना अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तेथेच रिते होतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस का कोसळतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला बर्गनचा पाऊस वेगळा समजावून सांगावा लागत नाही. फरक इतकाच की आपला पाऊस चार महिन्यांत आटोपतो आणि बर्गनचा बारा महिन्यांत विभागलेला असतो. वर्षाला सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस आणि दोनशेहून अधिक पावसाळी दिवस हे तेथील सर्वसाधारण प्रमाण आहे. २००६ च्या ऑक्टोबरअखेरपासून २००७ च्या जानेवारीपर्यंत तेथे सलग ८५ दिवस पाऊस पडल्याची नोंद आहे. विल्हेल्म ब्येर्क्नेस या शास्त्रज्ञाने १९१७ साली याच शहरात येऊन आधुनिक हवामानशास्त्राच्या 'बर्गन पंथा'ची पायाभरणी केली. उबदार आणि थंड हवेच्या सीमारेषेला आज जगभरचे हवामान खाते 'फ्रंट' म्हणते, ती संकल्पना त्याच्या सहकाऱ्यांनी येथेच घडवली.

प्रवाशाच्या कामाची गोष्ट अशी की हा पाऊस बहुधा संततधार नसून सरींचा असतो. तासभर सर, मग वीस मिनिटे लख्ख ऊन, पुन्हा ढग, असा खेळ दिवसभर चालतो. त्यामुळे 'उद्या पाऊस आहे' एवढे कळून भागत नाही, तो किती ते किती हे कळावे लागते. नॉर्वेची हवामान संस्था आणि तेथील सार्वजनिक प्रसारण संस्था मिळून चालवत असलेले 'यूर' हे ॲप फोनवर घ्यावे. त्यात तासातासाचा अंदाज मिळतोच, शिवाय पुढील दीड तासात पाऊस कधी सुरू होईल आणि कधी थांबेल याचा आलेखही मिळतो. डोंगरावर जाण्यापूर्वी शहराच्या नावाने अंदाज पाहू नये, त्या शिखराचे नाव घालून पाहावा. खाली बंदरावर झुळूक असते तेव्हा ६०० मीटरवर उभे राहणे कठीण करणारा वारा असू शकतो.

महिना निवडताना मे आणि जून यांना प्राधान्य द्यावे. वर्षातील त्यातल्या त्यात कोरडे दिवस वसंताच्या या सुमारास मिळतात आणि उजेडही भरपूर असतो. शहर साठ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर असल्याने जूनअखेरीस दिवस सुमारे १९ तासांचा असतो, तर डिसेंबरच्या उत्तरार्धात तो जेमतेम सहा तासांचा होतो. जुलै-ऑगस्ट सर्वांत उबदार असले तरी तेव्हाचे सरासरी तापमान १५ अंशांच्या आसपासच राहते, आणि मोठ्या क्रूझ जहाजांची गर्दीही याच महिन्यांत असते. सप्टेंबरनंतर पाऊस वाढतो. मे महिन्यात एक अडचण संभवते. उंच पठारावर बर्फाचे पट्टे शिल्लक असू शकतात. ज्याला डोंगरावरील लांबची वाट चालायचीच आहे, त्याने जूनचा दुसरा पंधरवडा धरणे अधिक सुरक्षित.

जाण्यापूर्वीची तयारी

नॉर्वे युरोपीय संघात नाही, परंतु शेंगेन क्षेत्रात आहे. त्यामुळे भारतीय पारपत्रधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. उन्हाळ्यातील प्रवासासाठी शेवटच्या मुदतीची वाट पाहू नये, दोन-तीन महिने आधीच अर्ज करावा. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा अनिवार्य असतो. त्यात डोंगरातील सुटकेचा खर्च धरलेला आहे का, हे विमापत्र वाचून पाहावे, कारण आपण तेथे चढायलाच जाणार आहोत. चलन नॉर्वेजियन क्रोन आहे, युरो नव्हे. जवळजवळ सर्वत्र कार्डाने पैसे देता येतात, म्हणून रोख रक्कम मोठ्या प्रमाणात नेण्याचे कारण नाही.

कपड्यांवर विचार करायला घेतलेला वेळ वाया जात नाही. छत्रीवर विसंबू नये. बंदरावरचा वारा ती उलटी करतो, आणि डोंगरावर दोन्ही हात मोकळे हवेत. टोपीसह असलेले, शिवणींतून पाणी न झिरपणारे जाकीट आणि त्याच प्रतीची वरून चढवायची विजार, अंगालगत लोकरीचा पातळ थर, त्यावर एक उबदार थर, आणि पाण्याला दाद न देणारे, तळव्याला खोल नक्षी असलेले बूट, एवढे असले की पाऊस हे घरात बसण्याचे कारण उरत नाही. सुती कपडे भिजले की अंगाला चिकटतात आणि गारठा वाढवतात. विशेषतः जीन्स डोंगरासाठी अगदीच निकामी. बुटांबाबत तडजोड करू नये, कारण जुन्या भागातील गोटेफरशी आणि लाकडी फळ्या ओल्या झाल्या की भलत्याच निसरड्या होतात. नोव्हेंबर ते मार्चमध्ये जाणाऱ्याने बुटांना लावायचे काटे सोबत घ्यावेत किंवा तेथे पोहोचताच विकत घ्यावेत. रात्री गोठलेल्या उतारांवर स्थानिक लोकही ते वापरतात.

पोहोचणे आणि मुक्काम

फ्लेसलान विमानतळावरून शहरात येण्यासाठी 'ब्यूबानन' ही ट्राम सर्वांत सोयीची. २०१० साली सुरू झालेली ही वाहिनी २०१७ मध्ये विमानतळापर्यंत आली. शहराच्या मध्यावरील ब्यूपार्कन या शेवटच्या थांब्यापर्यंत सुमारे ४५ मिनिटे लागतात. विमानतळाची स्वतंत्र बस थोडी लवकर पोहोचवते, पण ती महाग पडते. ट्रामचे तिकीट चढण्यापूर्वीच फोनवरील ॲपमध्ये किंवा थांब्यावरील यंत्रात काढावे लागते आणि विनातिकीट प्रवासाचा दंड जबर आहे. तेच तिकीट ठरावीक वेळेत शहर बसलाही चालते.

वेळ असल्यास ओस्लोहून रेल्वेने यावे, असे मी आग्रहाने सांगेन. १९०९ साली पूर्ण झालेला हा मार्ग साडेसहा-सात तासांत देश ओलांडतो आणि फिन्से येथे १,२२२ मीटर उंचीवरील स्थानकातून जातो. तेथे जूनमध्येही बर्फ दिसतो. तेथून समुद्रसपाटीला उतरताना या किनाऱ्याची रचना, म्हणजे पठार, दरी, खाडी आणि पुन्हा डोंगर, डोळ्यांसमोर उलगडते. पुढचे तीन दिवस आपण ज्या भूभागात चालणार आहोत त्याची ओळख होण्यास याहून चांगला मार्ग नाही.

मुक्कामाची जागा मात्र नकाशावरील अंतर पाहून ठरवू नये. रेल्वे स्थानक, ब्यूपार्कन आणि वोगन नावाचे जुने बंदर या त्रिकोणात जागा मिळाल्यास उत्तम. त्याच्या बाहेर, विशेषतः बंदराच्या पूर्वेकडील उतारावर, 'केंद्रापासून ४०० मीटर' असे लिहिलेल्या घरापर्यंत शंभर-दीडशे पायऱ्या असू शकतात. सामान घेऊन त्या एकदा चढल्या म्हणजे स्वस्त भाड्याचा आनंद ओसरतो. आरक्षणापूर्वी उंचीच्या रेषा दाखवणाऱ्या नकाशावर ती जागा पाहावी. मुक्काम मध्यभागी असण्याचा खरा लाभ असा की सर आली की परतता येते, ओले जाकीट वाळत घालता येते आणि उघडीप मिळताच पुन्हा निघता येते. बर्गनमध्ये दिवस असा तुकड्यांतच जगायचा असतो.

पहिला दिवस: बंदराकाठची सपाट वाट

प्रवासाचा थकवा आणि नवे हवामान लक्षात घेता पहिला दिवस समुद्रसपाटीवर ठेवावा. आभाळ कसेही असले तरी ही वाट चालता येते. स्थानकातून मार्कन या जुन्या पादचारी रस्त्याने उतरत बंदराच्या टोकाशी असलेल्या मासळी बाजारात यावे. बाजार पाहण्यासारखा आहे, परंतु तेथील खाणे पर्यटकांच्या दराने मिळते, म्हणून जेवणासाठी एक-दोन गल्ल्या आत जावे. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे आणि बाटली भरून घ्यावी. रविवारी बहुतेक मोठी किराणा दुकाने बंद असतात, म्हणून डोंगरावर न्यायची शिदोरी शनिवारीच घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

बाजारापासून उजवा किनारा धरून चालले की ब्र्युगन लागते. तांबड्या, पिवळसर आणि पांढऱ्या त्रिकोणी माथ्यांची ती लाकडी रांग छायाचित्रांतून सर्वांना परिचित आहे. बहुतेक प्रवासी समोरून छायाचित्र काढून पुढे जातात आणि खरे ब्र्युगन न पाहताच परततात. समोरची बाजू म्हणजे केवळ दर्शनी पडदा असून वखारी मागे लांबवर पसरलेल्या आहेत. दोन इमारतींमधील फळ्यांच्या अरुंद बोळात शिरावे, वर झुकलेले सज्जे आणि माल ओढून घेण्याच्या कप्प्या पाहाव्यात, डांबर आणि जुन्या लाकडाचा वास घ्यावा. हान्सा या उत्तर युरोपातील व्यापारी संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी १३६० च्या सुमारास येथे आपली पेढी स्थापन केली आणि ती सुमारे चारशे वर्षे, १७५४ पर्यंत चालली. उत्तर नॉर्वेतून वाळवलेला कॉड मासा येथे येई आणि त्याच्या बदल्यात धान्य उत्तरेकडे जाई. १७०२ च्या आगीत सारे जळाले, तेव्हा व्यापाऱ्यांनी जुन्या मांडणीनुसारच पुन्हा बांधले. आजच्या इमारती त्या पुनर्बांधणीतील आहेत. त्यांपैकी ६२ उरल्या असून १९७९ पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आगीच्या धास्तीने या वखारींत चूल किंवा शेकोटी पेटवण्यास मनाई होती. म्हणून ऊब, स्वयंपाक आणि सभा यांसाठी मागच्या बाजूला 'श्योत्स्तुएने' नावाची वेगळी सभागृहे होती. हिवाळ्यातील बर्गनचा गारठा अनुभवला की त्या मनाईचा अर्थ नीट कळतो.

आगीचा हा धागा शहरभर दिसतो. मध्यभागातून जाणारे 'आल्मेनिंग' नावाचे विलक्षण रुंद मोकळे पट्टे शोभेसाठी नाहीत, आग एका बाजूकडून दुसरीकडे पसरू नये म्हणून ते राखलेले आहेत. १९१६ च्या जानेवारीतील आगीनंतर मुख्य चौक, टोरगाल्मेनिंगन, आजच्या रूपात उभारला गेला. चालणाऱ्याला त्यांचा उपयोग वेगळाच होतो. गल्ल्यांत वाट चुकली तर उतार धरून जवळच्या आल्मेनिंगवर यावे, तेथून समुद्र दिसतो आणि दिशा कळते.

ब्र्युगनच्या मागे बाराव्या शतकातील मारियाकिर्कन हे चर्च शहरातील सर्वांत जुनी उभी इमारत समजले जाते. तेथून पाच मिनिटांवर बर्गनहुस किल्ला आहे. त्यातील होकोन्सहालन हे दगडी सभागृह राजा होकोन होकोन्सन याने १२४७ ते १२६१ या काळात बांधून घेतले. २० एप्रिल १९४४ रोजी बंदरात स्फोटकांनी भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा हे सभागृह आणि शेजारचा रोसेनक्रान्त्स मनोरा यांची मोठी हानी झाली. आज दिसते ते युद्धोत्तर काळातील काळजीपूर्वक जीर्णोद्धाराचे फळ आहे. किल्ल्याच्या तटावर संध्याकाळी बसावे. समोर बंदर, पलीकडे नोर्डनेसचा भूशिर, मागे डोंगर, असा शहराचा सारा आराखडा तेथून एका नजरेत येतो.

फ्लोयन: रेल्वेने वर, पायांनी खाली

पहिली मोठी उघडीप मिळताच फ्लोयन डोंगराकडे वळावे. १९१८ च्या जानेवारीत सुरू झालेली फ्लोयबानन ही तारेने ओढली जाणारी रेल्वे सुमारे ८५० मीटरचा तीव्र चढ काही मिनिटांत पार करून ३२० मीटर उंचीवर पोहोचवते. तिकीट आधी ऑनलाइन घ्यावे आणि क्रूझ जहाजांचे प्रवासी उतरतात ती दुपारची वेळ टाळावी. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा गेल्यास रांग लागत नाही. जूनमध्ये रात्री दहा वाजताही वर उजेड असतो आणि तो तिरपा उजेड बंदरावर पडलेला पाहणे हा बर्गनमधील सर्वांत सुंदर तास आहे, असे माझे ठाम मत आहे.

वर पोहोचल्यावर शहर पाहण्याच्या सज्ज्यावरूनच परतू नये. दहा-पंधरा मिनिटे चालले की स्कोमाकरडिके हे छोटे तळे लागते आणि गर्दी मागे राहते. ज्याला आणखी चालायचे आहे त्याने ब्रुशित्तनमार्गे रुंदेमानन (५६८ मीटर) गाठावे. वाट रुंद आणि स्पष्ट आहे, त्यामुळे लांबच्या पठारावर जाण्यापूर्वी आपला दम आजमावण्यास ती योग्य आहे.

परतताना रेल्वे न घेता नागमोडी रस्त्याने उतरावे. पाऊण ते एक तास लागतो. उतारावर गुडघ्यांवर भार येतो, म्हणून लहान पावले टाकावीत. निम्म्या वाटेत फ्येल्वैयन हा आडवा रस्ता लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तयार होत गेलेला हा रस्ता डोंगराच्या कमरेला पट्ट्यासारखा वेढलेला असून जवळजवळ सपाट आहे. ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुले सोबत असतील, तर शिखराचा हट्ट सोडून रेल्वेच्या मधल्या थांब्यावर उतरून याच रस्त्याने चालावे. एका हाताला जंगल, दुसऱ्या हाताला घरांची छपरे आणि त्यापलीकडे समुद्र असे दृश्य तासभर सोबत राहते. पुढे खाली उतरले की स्कान्सनची पांढरी लाकडी अग्निशमन चौकी लागते आणि तेथून पायऱ्यांच्या गल्ल्यांनी बंदर गाठता येते.

ज्यांना चढाचाच आनंद घ्यायचा आहे त्यांच्यासाठी सांडविकन भागातून निघणारी स्टोल्ट्सेक्लाइवन ही दगडी जिन्याची वाट आहे. नेपाळच्या शेर्पा कारागिरांनी रचलेल्या या पायऱ्या सुमारे ९०० मीटर अंतरात ३०० मीटरहून अधिक उंची चढवतात. ही वाट चढण्यासाठीच वापरावी आणि उतरण्यास दुसरा मार्ग घ्यावा. अरुंद, ओल्या पायऱ्यांवर धावत वर येणाऱ्यांना आडवे जाणे दोघांनाही धोक्याचे असते.

समुद्राकडची बाजू

डोंगराच्या ओढीने अनेकांचे नोर्डनेस राहून जाते, ही मोठी चूक आहे. टोरगाल्मेनिंगनपासून टोकाच्या उद्यानापर्यंत अर्धा तास पुरतो, पण दोन तास काढावेत. मुख्य रस्त्याने न जाता क्नोसेस्माउएत सारख्या बोळांतून जावे. पांढऱ्या लाकडी घरांच्या दोन भिंतींमधून जेमतेम दोन माणसे जातील एवढी वाट, दारांशी कुंड्या, आणि मध्येच समुद्राची एक उभी फट, असे हे बोळ आहेत. ही राहती घरे आहेत, म्हणून आवाज हळू ठेवावा आणि खिडक्यांच्या दिशेने कॅमेरा धरू नये.

टोकाशी मत्स्यालय, उद्यान आणि समुद्रस्नानाची जागा आहे. तेथील पाणी उन्हाळ्यातही अंगावर काटा आणणारे असते, तेव्हा सवय नसल्यास शिडीवरून हळूहळू उतरावे, उडी घेऊ नये. याच भूशिरावर चेटकीण ठरवून जाळलेल्या स्त्री-पुरुषांच्या स्मरणार्थ एक शिळा उभारली आहे. आने पेडर्सडॉटर या स्त्रीला १५९० साली याच भागात जाळण्यात आले होते. सुंदर दृश्याच्या जागी हा इतिहास जपून ठेवला आहे, म्हणून क्षणभर थांबूनच पुढे जावे.

उलरिकन आणि विडनचे पठार

शहराभोवतीच्या प्रसिद्ध सात डोंगरांत उलरिकन ६४३ मीटरसह सर्वांत उंच आहे. पायथा गाठण्यासाठी ब्यूबाननच्या दुसऱ्या वाहिनीने हाउकेलान रुग्णालयाच्या थांब्यावर उतरून थोडे चढत जावे लागते. १९६१ पासूनचा रोपवे २०२१ मध्ये नव्या डब्यांसह सुरू झाला. पायी जाणाऱ्यांसाठी शेर्पांनीच रचलेल्या १,३३३ पायऱ्यांची वाट आहे. वरून पूर्वेला पठार आणि पश्चिमेला बेटांमागून बेटे, मग खुला समुद्र, असे दिसते. बर्गन समुद्राच्या थेट तोंडावर नसून बेटांच्या आडोशाला वसले आहे, ही गोष्ट येथूनच उमगते.

उलरिकनपासून फ्लोयनपर्यंतची पठारावरील वाट म्हणजे विडन. बर्गनला पायी फिरायला गेलेल्याने शरीर आणि हवामान साथ देत असेल तर ती नक्कीच चालावी. अंतर १३ ते १५ किलोमीटर, वेळ पाच ते सहा तास. सुरुवात उलरिकनकडून करावी, कारण रोपवेने उंची आधीच मिळते आणि शेवटी फ्लोयनला रेल्वे हाताशी असते. वाटेत कातळ, छोटी तळी, दलदलीचे तुकडे आणि दिशा दाखवणाऱ्या दगडांच्या राशी आहेत. दुकान किंवा हक्काचा निवारा नाही, म्हणून जेवण, दोन थर जास्तीचे कपडे, हातमोजे, भरलेला फोन आणि त्यात आधीच उतरवून घेतलेला नकाशा सोबत हवा.

निघण्याचा निर्णय घेताना तीन प्रश्न विचारावेत. उलरिकनच्या नावाने घेतलेल्या अंदाजात पुढील सात तास वारा आणि ढग कसे आहेत? रोपवे सुरू आहे का? वाऱ्यामुळे तो बंद असेल तर पठारही आपल्यासाठी बंद समजावे. आणि मुक्कामाच्या ठिकाणी कोणाला आपला मार्ग व परतण्याची वेळ सांगितली आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल तर दिवस बदलावा. पावसापेक्षा धुके अधिक धोक्याचे आहे. पठार सपाटसर असल्याने पुढची रास दिसेनाशी झाली की दिशाभान काही मिनिटांत हरपते. अशा वेळी पुढची रास शोधण्यासाठी अंदाजाने भटकू नये, शेवटच्या रासेपाशी थांबावे, धुके विरळ होण्याची वाट पाहावी आणि ते न झाल्यास आल्या वाटेने उलरिकनला परतावे. नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियमांची एक संहिता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिचा आठवा नियम सांगतो की वेळीच मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केलेल्या माणसाला आपल्या अनुभवाचा भरवसा वाटतो, पण तेथे भिजल्यावर थंडीने शरीर गळून जाण्याचा धोका आपल्याकडच्यापेक्षा किती तरी अधिक असतो. वैद्यकीय मदतीसाठी ११३, पोलिसांसाठी ११२ आणि अग्निशमनासाठी ११० हे क्रमांक फोनमध्ये नोंदवून ठेवावेत.

नॉर्वेत मोकळ्या रानात सर्वांना मुक्त फिरण्याचा हक्क १९५७ च्या कायद्याने मान्य केलेला आहे. त्याच्या जोडीला जबाबदारीही येते. कचरा परत आणावा, दगडांच्या राशी मोडू किंवा नव्या रचू नयेत, आणि १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात रानाजवळ उघड्यावर विस्तव पेटवू नये.

पाऊस थांबतच नाही तेव्हा

दिवसभर पाऊस असल्यास ब्र्युगन संग्रहालयापासून सुरुवात करावी. १९५५ च्या आगीत वखारींचा काही भाग जळाला, तेव्हा त्या जागी उत्खनन झाले आणि मध्ययुगीन शहराचे थर सापडले. १९७६ साली उघडलेले संग्रहालय त्याच अवशेषांवर उभे आहे. तेथील लाकडाच्या काड्यांवर कोरलेले रुन या उत्तर युरोपातील जुन्या लिपीतील मजकूर आवर्जून वाचावेत. त्यांत व्यापाऱ्यांच्या खुणा आहेत, प्रार्थना आहेत, आणि 'ग्युदा सांगते, घरी ये' अशा अर्थाचा एक निरोपही आहे. राजांच्या इतिहासापेक्षा तो एक निरोप जुन्या बर्गनला अधिक जवळ आणतो.

दुपारी मध्यवर्ती तळ्याकाठच्या 'कोडे' नावाच्या कलासंग्रहालयांत जावे. रास्मुस मेयर यांच्या संग्रहात नॉर्वेजियन चित्रकार एडवर्ड मुंकची महत्त्वाची चित्रे आहेत. चालल्याशिवाय चैन पडत नसेल त्याच्यासाठी एक कोरडी सोयही आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये लोव्स्टाकन डोंगराच्या पोटातून पादचारी आणि सायकलींसाठी सुमारे तीन किलोमीटरचा बोगदा खुला झाला. ट्रामने फुलिंग्सदालन येथे जाऊन बोगद्यातून चालत शहराकडे परतावे. पादचाऱ्यांसाठी वेगळा पट्टा आहे, तो सोडू नये, कारण सायकली वेगाने येतात.

शहराबाहेरचा अर्धा दिवस

एडवर्ड ग्रीग या संगीतकाराचे घर, ट्रोल्डहाउगन, पाहायचे असल्यास ट्रामने होप थांब्यावर उतरून वीस-पंचवीस मिनिटे चालावे. १८८५ पासून तो तेथे उन्हाळे काढत असे आणि पाण्याकाठच्या छोट्या झोपडीत बसून संगीतरचना करी. त्याच ट्राममार्गावर फान्तोफ्तचे लाकडी चर्च आहे. मूळ इमारत १९९२ मध्ये जाळली गेली आणि आजची १९९७ मध्ये पुन्हा उभी राहिली. फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेली समुद्राची खाडी, पाहण्यासाठी दोन दिवसांच्या सहलींची धावपळ परवडत नसेल, तर बाजाराजवळील धक्क्यावरून ओस्टरफ्योर्डमधून मोस्त्राउमनच्या अरुंद सामुद्रधुनीपर्यंत जाऊन साडेतीन तासांत परतणारी बोट पुरेशी आहे. ही सफर ढगाळ दिवसासाठी राखून ठेवावी. कड्यांवरून कोसळणारे झरे पावसानंतरच भरात असतात, आणि उघडिपीचा दिवस डोंगरासाठी मोकळा राहतो.

परतीच्या विमानासाठी ट्रामची ४५ मिनिटे, तिच्या थांब्यापर्यंतची चाल आणि विमानतळावरील दोन तास धरून निघावे. शेवटची रात्र रिकामी ठेवावी. चार दिवस ढगांत असलेला फ्लोयन निघायच्या आदल्या संध्याकाळी अचानक मोकळा होतो, असे तेथे पुष्कळदा घडते. रेल्वे रात्री उशिरापर्यंत धावते, जाकीट दाराशीच टांगलेले असावे.